'पाठवतोय' की 'पाठवला'? एका स्पॅनिश क्रियापदाच्या आघाताचं प्रकरण

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा, तिशीतला एक विद्यार्थी माझ्याकडे स्पॅनिश शिकतो. त्याची टीम मेक्सिकोतल्या मोंतेरेय शहरातल्या ग्राहकाचं काम बघते. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे आठ, आणि तीच त्यांच्या रोजच्या कॉलची वेळ. अशाच एका कॉलच्या शेवटी त्याला सांगायचं होतं, "आज तुम्हाला अहवाल पाठवतो." वाक्य त्यानं मनात अगदी बरोबर जुळवलं होतं: ले एम्बीओ एल इन्फोर्मे ओय. तोंडातून मात्र 'एम्बीओ'च्या जागी 'एम्ब्यो' गेलं आणि जोर शेवटच्या 'ओ'वर पडला. पलीकडच्या बाईंनी ऐकलं ते असं, की अहवाल कुणीतरी आज पाठवलेला आहे. त्यांनी मेल धुंडाळली, स्पॅमचा फोल्डर बघितला, आपल्या सहकाऱ्यांना विचारलं. त्यांच्या दुपारपर्यंत काहीच सापडेना, तेव्हा जरा नाराजीची मेल आली.

त्यानं तातडीनं उत्तर लिहिलं, 'आत्ता पाठवतो.' त्या उत्तरातही क्रियापदावर तिल्दे, म्हणजे स्वराच्या डोक्यावरची ती तिरकी रेघ, नव्हती. इंग्रजी कीबोर्डवर ती सहज मिळत नाही म्हणून तो ती गाळतच असे. आता गंमत अशी, की तिल्देशिवाय लिहिलेलं ते रूप या क्रियापदात अस्तित्वातच नाही. रेघ 'ई'वर दिली तर 'मी पाठवतो', 'ओ'वर दिली तर 'त्यानं पाठवलं'. दोन्हीकडे दिली नाही, तर वाचणाऱ्यानं संदर्भावरून ताडायचं. आणि इथे तर संदर्भच आधीच्या कॉलनं गढूळ झाला होता.

पुढच्या तासाला तो म्हणाला, "मॅडम, काळ मला येतात. चालवून दाखवू का? मी वर्तमानकाळच बोललो होतो." त्याचं खरंच होतं. वर्तमान, भूत, अपूर्ण भूत, भविष्य, सगळी रूपं त्याला पाठ होती. म्हणून मी काळांची उजळणी न घेता त्याची वही मागितली.

वहीत काय होतं

तो नवे शब्द देवनागरीत लिहून ठेवतो. मला ती सवय आवडते. वर्गातल्या काही जणांना ती बालिश वाटते, पण स्पॅनिशचे पाच स्वर देवनागरीत जितके स्वच्छ उतरतात तितके इंग्रजी स्पेलिंगच्या चष्म्यातून कधीच दिसत नाहीत. अडचण देवनागरीत नव्हती, ती कशी वापरली त्यात होती. 'मी पाठवतो' आणि 'त्यानं पाठवलं' या दोन्ही रूपांपुढे त्यानं एकच उच्चार लिहिला होता: 'एन्व्हियो'.

हे 'इयो' आपल्या जिभेचं आहे. मराठीत 'इ'नंतर दुसरा स्वर आला की मध्ये 'य' आपोआप सरकतो. म्हणून कुणी 'रेडिओ' लिहितो, कुणी 'रेडियो', आणि बोलताना दोघांमध्ये फरक उरत नाही. मराठीत त्यानं काही बिघडतही नाही. स्पॅनिशमध्ये मात्र नेमक्या याच जागी अर्थ फिरतो. तिथे 'ई' आणि 'ओ' एकतर वेगवेगळे उभे राहतात, नाहीतर एका सिलॅबलमध्ये, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यात, विरघळतात. मधला मार्ग नाही.

खुणेसाठी इथून पुढे सिलॅबल आडव्या रेघेनं तोडते आणि ज्या सिलॅबलवर आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, आहे त्याच्या आधी छोटी उभी खूण देते.

मी पाठवतो: एम्-ˈबी-ओ. तीन सिलॅबल, आघात मधल्यावर.
त्यानं पाठवलं: एम्-ˈब्यो. दोनच सिलॅबल, आघात शेवटच्यावर.

('न'चा 'म' झाला आहे, कारण पुढे ओठांवरचा ध्वनी आहे. आणि लिहिताना 'व्ही' असलं तरी स्पॅनिश तोंडात ते 'ब'च असतं.)

देवनागरीनं इथे मोठी सोय करून ठेवली आहे. रोमन लिपीत ही दोन रूपं तिल्दे सोडली तर अक्षरन्‌अक्षर सारखी आहेत. आपल्याकडे मात्र 'बी-ओ' आणि 'ब्यो' डोळ्यांनाच वेगळे दिसतात: एकात पूर्ण स्वर, दुसऱ्यात जोडाक्षर. स्पॅनिशवाले ज्याला इआतो म्हणतात ते आपलं 'बीओ', आणि ज्याला दिप्तोंगो म्हणतात ते आपलं 'ब्यो'. 'एन्व्हियो' लिहून त्यानं हातातली सोय घालवली होती.

तोडायचं कुठे

स्पॅनिश स्वरांचे दोन गट करतात. आ, ए, ओ हे बलवान. ई, ऊ हे दुबळे. दोन बलवान शेजारी आले की ते वेगळे सिलॅबल होतात: 'वाचणे' हे ले-ˈएर. दुबळा आणि बलवान शेजारी आले की ते एकत्र राहतात: 'बदलणे' हे काम्-ˈब्यार. पण आघातच दुबळ्या स्वरावर पडला, तर तो दुबळा राहत नाही. तो स्वतःचा सिलॅबल मागतो आणि त्याची पावती म्हणून डोक्यावर तिल्दे येते.

इथेच विद्यार्थ्यानं एक चांगला प्रश्न विचारला. नियम सांगतो, की शब्द स्वरानं, 'न'नं किंवा 'स'नं संपत असेल तर आघात शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर. दुसऱ्या कुठल्या व्यंजनानं संपत असेल तर शेवटच्यावर. आणि या दोन्हीला सोडून आघात पडला तरच तिल्दे. 'एम्-ˈबी-ओ' स्वरानं संपतो, आघात शेवटून दुसऱ्यावर आहे. मग तिल्दे कशाला? त्याच्या मते ती जास्तीची होती, म्हणून मेलमधून गाळायला तो कचरत नव्हता.

उत्तर असं, की दुबळ्या स्वरावरची तिल्दे सर्वसाधारण नियमाच्या वरची आहे. ती आघाताआधी तोड दाखवते. ती काढली तर वाचणारा 'ई' आणि 'ओ' एकत्र घेईल, शब्द दोन सिलॅबलचा होईल, आणि मग नियमाप्रमाणे आघात 'एम्'वर जाऊन बसेल: ˈएम्-ब्यो. असं रूप कुणीच बोलत नाही. म्हणून क्रम नेहमी हाच ठेवायचा: कानाला आघात कुठे येतो ते पकडायचं, त्यावरून सिलॅबल तोडायचे, आणि मग तिल्दे लागते का ते बघायचं. बहुतेक मुलं उलटीकडून चालतात, तिल्दे कुठे ते पाठ करतात आणि उच्चार वाऱ्यावर सोडतात.

याच क्रियापदाचं एक रूप मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: '(जमत असतं तर) आम्ही पाठवलं असतं', म्हणजे संकेतार्थातलं अनेकवचन. एम्-ब्या-ˈरी-आ-मोस. त्यात 'ई-आ' ही जोडी दोनदा येते. पहिल्यांदा 'ई'वर आघात नाही, म्हणून 'ब्या' हा एकच सिलॅबल. दुसऱ्यांदा 'ई'वर आघात आहे, म्हणून 'री' वेगळा, 'आ' वेगळा, आणि तिल्दे फक्त दुसऱ्या 'ई'वर. मी त्याला सिलॅबल मोजायला सांगितले. आधी तो सहा म्हणाला, मग चार. पाच हे उत्तर आलं तेव्हा त्याला कारणही सांगता आलं, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणाची गाठ तिथे सुटली.

जाता जाता एक गोष्ट. मराठी माणूस सिलॅबल तोडताना जोडाक्षर अख्खं पुढे ढकलतो: का-म्ब्यो. लिपीच्या दृष्टीनं ते बरोबर, उच्चाराच्या दृष्टीनं नाही. ज्यांनी शाळेत वृत्तं केली आहेत त्यांना मी लघु-गुरूची आठवण देते. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं, कारण जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन मागच्या अक्षराला चिकटतं. 'काम्-ब्यो' तसंच. पण 'ब्ल', 'त्र', 'प्र', 'क्ल' अशा जोड्या स्पॅनिशमध्ये फुटत नाहीत, त्या पूर्ण पुढच्या सिलॅबलमध्ये जातात: 'बोलतो' हे ˈआ-ब्लो, 'आब्-लो' नव्हे.

कान का फसतो

मराठीत आघातानं शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपण जोर देतो तो वाक्यात, ठासून सांगण्यासाठी. त्यामुळे शब्दातल्या आघाताची ओळख आपल्याला बहुधा इंग्रजीतून होते. 'रेकॉर्ड' हे नाम आणि 'रेकॉर्ड' हे क्रियापद यांतला फरक शाळेत शिकवला जातो. पण इंग्रजीत आघात नसलेला स्वर आक्रसतो, पुसट होतो, आणि आपला कान नकळत तो पुसट स्वर शोधायला शिकतो. स्पॅनिशमध्ये स्वर पुसट होतच नाही. आघात असो वा नसो, 'ओ' तो 'ओ'च. बदलते ती आवाजाची उंची, किंचित लांबी, थोडा जोर. ˈआ-ब्लो म्हणजे 'मी बोलतो' आणि आ-ˈब्लो म्हणजे 'तो बोलला', यांत स्वर तेच, व्यंजनं तीच. इंग्रजीच्या सवयीनं ऐकणाऱ्याला दोन्ही एकसारखेच वाटणार.

शिवाय शब्दाच्या शेवटी येणारा 'ओ' किंवा 'आ' आपण तब्येतीत लांबवतो. माझ्या विद्यार्थ्यानं कॉलवर नेमकं तेच केलं. वाक्य नम्र वाटावं म्हणून त्यानं शेवटचा स्वर थोडा ओढला. मेक्सिकन कानाला ती नम्रता ऐकूच आली नाही, आला तो फक्त भूतकाळ. वर स्पॅनिशमध्ये 'मी' हा शब्द सहसा बोलतच नाहीत, क्रियापदच कर्ता सांगतं. म्हणजे चुकलेला आघात सावरून घ्यायला वाक्यात दुसरं काहीच नव्हतं. म्हणून पहिल्या काही आठवड्यांसाठी मी त्याला सांगितलं, की अशा क्रियापदांआधी 'यो', म्हणजे 'मी', बिनदिक्कत घाल. कानाला जरा जड लागेल, पण अहवाल कुणी शोधत बसणार नाही.

काय केलं

काळ त्याला येत होतेच, त्यावर आघाताचा नकाशा चढवायचा होता. वर्तमानकाळात एकवचनाची तिन्ही रूपं आणि तृतीय पुरुषी अनेकवचन, ही चार मुळावर आघात घेतात; 'आम्ही' आणि स्पेनमधलं 'तुम्ही' ही दोन प्रत्ययावर. नियमित साध्या भूतकाळात सगळा भार प्रत्ययावर. भविष्यकाळातही प्रत्ययावर, आणि त्याला इतिहास आहे: हे प्रत्यय म्हणजे मूळ धातूला मागून चिकटलेलं 'आबेर' हे सहायक क्रियापद. त्याची ए, आस, आ, ˈए-मोस, आन ही रूपं चिकटली आणि आघात घेऊनच आली. अनियमित भूतकाळ मात्र वेगळ्या घरचे: 'तुबो' (त्याच्याकडे होतं), 'इसो' (त्यानं केलं), 'दिखो' (तो म्हणाला) हे मुळावर आघात घेतात, म्हणून त्यांना तिल्दे नाही. सवयीनं मुलं तिथेही रेघ ओढतात.

'न' आणि 'स' यांना स्वरांच्या पंगतीला का बसवलं, तेही क्रियापदाकडे बघितलं की कळतं. 'तो बोलतो' आब्ला, 'तू बोलतोस' आब्लास, 'ते बोलतात' आब्लान. तिन्हींत आघात पहिल्या सिलॅबलवर. 'न' आणि 'स' बाकीच्या व्यंजनांच्या रांगेत असते, तर कर्ता बदलला की तिल्दे येत-जात राहिली असती.

मग खरा कळीचा गट: शेवटी '-इआर' असलेली क्रियापदं. इथे दोन घराणी आहेत. 'काम्ब्यार'सारखी, जी वर्तमानकाळातही जोड सोडत नाहीत: ˈकाम्-ब्यो. आणि 'एम्ब्यार'सारखी, जी मुळावर आघात आला की 'ई' मोकळी करतात: एम्-ˈबी-ओ. स्पॅनिश अकादमीचा शब्दकोश अशा क्रियापदांसाठी नमुने देतो: एकीकडे 'आनुन्स्यार', दुसरीकडे 'एम्ब्यार'. धातू बघून कोणतं क्रियापद कुठल्या घराण्यातलं ते सांगता येत नाही, पण शेजारचं नाम बघितलं तर बहुतेक वेळा अंदाज येतो. 'बदल' हा ˈकाम्-ब्यो, म्हणून 'मी बदलतो'ही ˈकाम्-ब्यो. 'पाठवणी' ही एम्-ˈबी-ओ, म्हणून क्रियापदही तसंच. 'आव्हान', 'वळण', 'छायाचित्रण' यांची नामं 'ई'वर आघात घेतात, त्यांची क्रियापदंही घेतात. अपवाद तोंडपाठच करावे लागतात. 'विस्तृत' हे विशेषण ˈआम्-प्ल्यो, पण 'मी विस्तार करतो' आम्-ˈप्ली-ओ. 'विविध' ˈबा-र्‍यो, पण 'मी बदलत राहतो' बा-ˈरी-ओ.

'-उआर'वाल्यांत गाडी जरा सुरळीत चालते. आधी 'ग' किंवा 'क' असेल तर जोड टिकते, नाहीतर 'ऊ' मोकळी होते. 'चालू ठेवणे' हे क्रियापद त्याला ऑफिसात रोज लागतं. त्याचे तीन चेहरे मी मुद्दाम एका ओळीत लिहून दिले: कोन्-ˈती-न्वो म्हणजे अखंड, कोन्-ती-ˈनू-ओ म्हणजे मी चालू ठेवतो, कोन्-ती-ˈन्वो म्हणजे त्यानं चालू ठेवलं. ('क'वाल्यांपैकी काहींना आता दोन्ही उच्चार मान्य आहेत, 'एबाकुआर' त्यातलंच.)

सरावाला मी त्याचीच वाक्यं घेतली. फोनवर रेकॉर्ड करायचं, ऐकायचं, सिलॅबल लिहायचे. आज्ञार्थात धोका आणखी मोठा: एम्-ˈबी-ए म्हणजे 'आपण पाठवा', एम्-ˈब्ये म्हणजे 'मी पाठवलं'. ग्राहकाला विनंती करायची आणि भलतंच कबूल करून बसायचं. आज्ञार्थाला सर्वनामं चिकटली की शब्द लांबतो, पण आघात जागचा हलत नाही: 'ते मला पाठवा' हे एम्-ˈबी-ए-मे-लो, शेवटून चौथ्या सिलॅबलवर आघात.

कीबोर्डचा प्रश्न त्याच दिवशी सुटला. विंडोजमधला युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल हा लेआउट घेतला की आधी एकेरी अवतरणचिन्हाची कळ आणि मग स्वर दाबला, की तिल्दे येते. मोठ्या लिपीतल्या अक्षरांवरही ती द्यायची असते. मेलच्या विषयाच्या ओळीत ती गाळण्याला कसलाही आधार नाही.

जुन्या पुस्तकातली रेघ

मध्येच त्यानं एक जुनी कादंबरी आणली. तिच्यात 'तो हसला' या क्रियापदाच्या 'ओ'वर तिल्दे होती, आणि मी शिकवलं होतं की नसते. दोन्ही आपापल्या काळात बरोबर. एक सिलॅबलच्या शब्दाला तिल्दे लागत नाही, कारण आघात जायला दुसरी जागाच नसते. 'त्यानं दिलं' द्यो, 'त्यानं पाहिलं' ब्यो, 'तो गेला' फ्वे यांवर पूर्वी रेघ असे. 1952च्या नव्या नियमांनी ती काढली आणि 1959पासून ते नियम बंधनकारक झाले. 'र्‍यो' (हसला) मात्र अडकून राहिला, कारण स्पेनमध्ये पुष्कळ लोक त्याला रि-ˈओ असं दोन ठोक्यांत म्हणतात, तर मेक्सिकोत एकाच ठोक्यात. 1999च्या शुद्धलेखनानं दोन्ही लिहायची मुभा दिली. 2010मध्ये स्पेन आणि इतर देशांतल्या अकादम्यांनी मिळून नवं शुद्धलेखन काढलं. त्यात ठरलं, की उच्चार कसाही असो, लिहिताना असा शब्द एक सिलॅबलचाच धरायचा आणि रेघ द्यायची नाही. स्पेनमध्ये त्यावर बरीच कुरकुर झाली. मला तो निर्णय योग्य वाटतो. वीसेक देशांत लिहिल्या जाणाऱ्या भाषेत रेघ प्रत्येकाच्या कानावर सोडता येत नाही.

यातून त्याला एक कामाची गोष्ट मिळाली. एखादा स्पॅनिश माणूस एम्-बि-ˈओ असं तीन ठोक्यांत म्हणेल, म्हणजे ठोके मोजून भूतकाळ ओळखायला गेलं तर फसगत होईल. आघात मात्र मोंतेरेयात काय नि माद्रिदमध्ये काय, 'ओ'वरच असतो. म्हणून ऐकताना आघात धरायचा, लिहिताना नियमाची तोड.

आज कुठे आहे

'पाठवणे', 'बदलणे', 'चालू ठेवणे' ही क्रियापदं आता त्याच्या तोंडात बसली आहेत. वहीतले सगळे 'इयो' त्यानं स्वतःच 'ई-ओ' आणि 'यो' असे वेगळे केले. अजून घसरतो ते लांब रूपांत. एम्-ब्या-ˈरा म्हणजे 'तो पाठवील' आणि एम्-ˈब्या-रा म्हणजे 'त्यानं पाठवावं' यांत शेवटचा 'आ' ओढायची सवय आडवी येते, आणि घाईत बोलताना दोन्ही भविष्यकाळातच जाऊन पडतात. त्यासाठी वेगळी वाक्यं सुरू आहेत.

मध्यंतरी त्याच्या टीमला ब्वेनोस आयरेसचं काम मिळालं. तिथून पहिल्याच दिवशी 'मला पाठव' असा निरोप आला, आणि त्यात तिल्दे नव्हती. त्यानं मला कळवलं, की अर्जेंटिनावाले रेघ गाळतात. गाळलेली नव्हती. तिथे 'तू'ला 'तू' नाही, 'बोस' म्हणतात, आणि 'बोस'च्या आज्ञार्थात आघात मुळावर न राहता प्रत्ययावर जातो. मेक्सिकोत एम्-ˈबी-आ-मे: 'ई'वर आघात, चार सिलॅबल, तिल्दे हवीच. ब्वेनोस आयरेसमध्ये एम्-ˈब्या-मे: 'आ'वर आघात, तीन सिलॅबल, शेवटी स्वर, आघात शेवटून दुसऱ्यावर, म्हणून तिल्दे नाही. 'मे' काढून नुसतं 'पाठव' म्हटलं, की तेच रूप एम्-ˈब्या होतं, आघात शेवटच्या सिलॅबलवर येतो आणि रेघ परत लागते. त्यानं दोन्ही रूपं तोडून पाठवली आणि खाली तिसरं स्वतः जोडलं: 'तू पाठवतोस' हे तिकडे एम्-ˈब्यास, शेवटी 'स', म्हणून तिल्दे. बरोबर होतं.